मुंढव्याचं पोर आणि हडपसरचा मळा

जेवणं उरकली असतील. भांडी राहिली असतील तर राहू द्या थोडा वेळ, ऐका.

मागच्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, हप्ते झाले, रजिस्टर मिटलं. मग बोलता बोलता कोरोनाचा विषय निघाला. गटातल्या एक आजी म्हणाल्या, "आमची सासू सांगायची, तिच्या आईच्या टायमाला गाठीचा ताप आला व्हता. सगळं गाव रानात झोपड्या घालून राहिलं. घरात उंदीर मेला की माणसं घर सोडायची." मी विचारलं, "आणि ज्याला रानच नव्हतं, तो कुठं गेला?" आजी गप्प बसल्या. ते माझ्या डोक्यातून जाईना, म्हणून आजचं बोलणं त्यावर.

गाठीचा ताप म्हणजे प्लेग. 1896 साली पावसाळा संपता संपता तो मुंबईत मांडवी भागात दिसला. तो प्लेगच आहे हे ओळखलं डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी, मूळचे गोव्याचे. माणसं मुंबई सोडून पळायला लागली. गिरणीतले कामगार गावी निघाले आणि त्यांच्यामागे रोगही निघाला. थोड्याच दिवसांत पुण्यात पोचला. त्यात ते साल दुष्काळाचं. पोटात अन्न नाही आणि अंगात ताप. उंदराच्या पिसवेमुळे हा रोग पसरतो हे तेव्हा डॉक्टरांनाही नीट कळलेलं नव्हतं.

1897 च्या फेब्रुवारीत सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला. हाच कायदा 2020 मध्ये आपल्यालाही लागू झाला होता, बरं का. पुण्यात रँड नावाचा अधिकारी नेमला आणि मार्चमध्ये गोऱ्या सोल्जरांकडून घरझडत्या सुरू झाल्या. आजारी माणूस सापडला की दवाखान्यात, घरचे लोक छावणीत, सामान रस्त्यावर किंवा जाळून टाकायचं. बायकांची तपासणी परक्या पुरुषांनी करायची. लोक इतके धसकले की आजारी माणूस घरात दडवून ठेवायला लागले. जूनमध्ये चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या, ते आपण शाळेच्या पुस्तकात वाचलंय. त्याच सालच्या दुसऱ्या कामाबद्दल मात्र कमी बोललं जातं.

सावित्रीबाई फुले तेव्हा 66 वर्षांच्या होत्या. जोतिरावांना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा यशवंत डॉक्टर होता. हा यशवंत कोण? फुल्यांनी 1863 मध्ये विधवा बायकांच्या बाळंतपणासाठी घर उघडलं होतं. तिथं आलेल्या काशीबाई नावाच्या बाईचा हा मुलगा, या दोघांनी दत्तक घेतलेला. म्हणजे ज्याला जगाने बेवारस म्हटलं असतं, तोच शिकून डॉक्टर झाला, आणि आईने त्यालाच बोलावून घेतलं.

दवाखाना काढला तो शहराबाहेर, हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात. ससाणे म्हणजे यशवंतचे सासरे. मला यातली जागेची निवड फार पटते. उघडा मळा, मोकळी हवा, गर्दी नाही. आणि तिथं येणाऱ्याला जात विचारायची नाही. सरकारी छावणीत माणसाला उचलून नेत होते, इथं माणूस आपण होऊन येत होता किंवा सावित्रीबाई त्याला जाऊन आणत होत्या.

मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग गायकवाड नावाचं एक पोर तापाने फणफणलं होतं. गावाच्या कुसाबाहेरचं घर, तिथं वैद्य कोण जाणार? सावित्रीबाई गेल्या. पोराला पाठीवर घेतलं आणि दवाखान्यात आणलं. 66 वर्षांच्या बाईने तापलेलं पोर पाठीवर घेऊन चालायचं, ते अंतर आपण पाणी वाहणाऱ्या बायकाच जाणू शकतो. पोर वाचलं. सावित्रीबाईंना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या.

त्याच वर्षी पुण्यात पंडिता रमाबाईंसमोरही हाच प्रश्न होता. मध्य प्रांतातल्या दुष्काळातून त्यांनी शेकडो मुली आणि बायका आणल्या होत्या, कोणाचं घर नाही, कोणाचं माणूस नाही. प्लेगमुळे पुण्यात एवढ्या जणींना ठेवायला मनाई झाली, तेव्हा त्या त्यांना घेऊन केडगावच्या शेतावर गेल्या आणि तिथं तंबूत सोय केली. प्लेगच्या दवाखान्यात बायकांना कसं वागवतात याबद्दल त्यांनी वर्तमानपत्रात उघड लिहिलं. सरकारने ती तक्रार नाकारली. पण त्या गप्प बसल्या नाहीत.

आता आमचंही सांगते, लपवत नाही. 2020 च्या एप्रिलमध्ये ऊसतोडीवरून चालत निघालेलं एक कुटुंब आमच्या गावच्या शाळेच्या ओट्यावर थांबलं होतं. बाईला सातवा महिना. आमचा गट तेव्हा मास्क शिवत होता, पेपरात फोटोही आला होता. आम्ही त्यांना भाकरी आणि आमटी लांबून ठेवून दिली. पण शाळेची खोली उघडायची का यावर दोन तास वाद झाला आणि "आधी वरून परवानगी येऊ द्या" असं ठरलं. मीही हात वर केला होता. सकाळी ओटा रिकामा होता. परवानगी दुपारी आली.

एक गोष्ट राहिली. डॉक्टर यशवंतही पुढे 1905 मध्ये गेले. त्यांच्या मागे बायको चंद्रभागाबाई आणि लहान मुलगी. सावित्रीबाईंच्या चरित्रात नोंद आहे की या चंद्रभागाबाईंना पुढे घर विकावं लागलं, पुण्यात देवळाच्या आसऱ्याने त्या दिवस काढत राहिल्या आणि 1930 मध्ये गेल्या तेव्हा नगरपालिकेने बेवारस म्हणून त्यांचा अंत्यविधी केला. फुल्यांची सून. हे मी बैठकीत वाचून दाखवलं तेव्हा मघाच्या आजी म्हणाल्या, "मग आपल्या गावात असं कोण कोण हाय, ते आधी लिव्ह."

लिहिलं. एकट्या राहणाऱ्या पाच म्हाताऱ्या, वीटभट्टीवरची दोन कुटुंबं, स्टँडवर झोपणारा एक माणूस ज्याचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. रेशनकार्ड यातल्या तिघांकडेच. शाळेच्या खोलीची एक किल्ली आता आमच्या अध्यक्षांकडे असते, तसा ठराव ग्रामसभेत करून घेतला. माणसाच्या नावाचं अजून विचारतोय.