मॅनेज्ड कोड व नेटिव्ह लायब्ररी यांतील बफरची देवाणघेवाण : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
जावा, सी-शार्प यांसारख्या भाषांतील आज्ञावलीस ‘मॅनेज्ड कोड’ म्हटले जाते, कारण तिच्या स्मृतीचे व्यवस्थापन रनटाइम ही यंत्रणा करते. निरुपयोगी झालेली स्मृती ‘गार्बेज कलेक्टर’ परत मिळवतो. या पद्धतीचे मूळ जॉन मॅकार्थी यांच्या लिस्पविषयक १९६० च्या शोधनिबंधात आढळते. याउलट, सी भाषेतील नेटिव्ह लायब्ररीत स्मृती घेणे व सोडणे ही प्रोग्रामरची जबाबदारी असते. या दोन व्यवस्थांमध्ये माहितीचा साठा, म्हणजेच बफर, सोपवताना त्याची मालकी कोणाकडे, हा प्रश्न उद्भवतो. प्रस्तुत निबंधात जावाच्या संदर्भात या प्रश्नाचा आढावा घेतला आहे.

प्रत की स्थिरीकरण :
अनेक गार्बेज कलेक्टर स्मृतीतील वस्तूंची जागा बदलतात. सी भाषेतील पॉइंटर मात्र जुनाच पत्ता धरून राहतो. १९९६ मधील जावाच्या पहिल्या आवृत्तीत नेटिव्ह कोडला वस्तूंच्या अंतर्गत रचनेत थेट प्रवेश होता. १९९७ च्या ‘जावा नेटिव्ह इंटरफेस’ने (जेएनआय) तो बंद केला. नेटिव्ह कोडने अ‍ॅरे मागितल्यास रनटाइमने त्याची प्रत द्यावी अथवा तो जागीच स्थिर करावा, असे ठरले. यामुळे सुरक्षितता वाढली, पण वेगाची किंमत मोजावी लागली. १९२० × १०८० बिंदूंच्या, प्रतिबिंदू ४ बाइटच्या चित्राची एक प्रत सुमारे ८३ लाख बाइटची होते. सेकंदाला ३० चित्रे असल्यास जवळजवळ २५ कोटी बाइटची नक्कल करावी लागते.

न्यायालयीन वाद :
हा प्रश्न केवळ तांत्रिक राहिला नाही. मायक्रोसॉफ्टने जेएनआयऐवजी स्वतःचे पर्याय पुढे केले. ऑक्टोबर १९९७ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने दाखल केलेल्या दाव्यात जेएनआयचा अभाव हा एक प्रमुख मुद्दा होता. नोव्हेंबर १९९८ मध्ये न्यायाधीश रोनाल्ड व्हाइट यांनी तात्पुरता मनाई हुकूम दिला. जानेवारी २००१ मध्ये २ कोटी डॉलरवर तडजोड झाली. नेटिव्ह कोडशी जोडणारे दार कोणाच्या नियमांनी उघडावे, यावर भाषेची एकरूपता अवलंबून असते, हे या वादातून स्पष्ट झाले.

कलेक्टरच्या क्षेत्राबाहेर :
२००२ च्या जावा १.४ मध्ये ‘डायरेक्ट बफर’ आला. त्याची स्मृती कलेक्टर हलवत नाही. त्यामुळे नक्कल टळते. परंतु ती केव्हा मोकळी होईल हे अनिश्चित राहिले आणि एका बफरला सुमारे २ जीबीची मर्यादा पडली. परिणामी अनेकांनी ‘अनसेफ’ या अंतर्गत, असुरक्षित साधनाचा आश्रय घेतला. मार्च २०२४ च्या जावा २२ मध्ये ‘फॉरेन फंक्शन अँड मेमरी’ ही सुविधा कायम झाली. तीत प्रत्येक स्मृतिखंडाला सीमा असते, तर ‘अरेना’ त्याची आयुर्मर्यादा ठरवते. अरेना बंद झाल्यावर त्या खंडाचा जावातून वापर केल्यास त्रुटी दाखवली जाते.

समारोप :
नक्कल, स्थिरीकरण, बाहेरील साठा व निश्चित आयुर्मर्यादा असा हा प्रवास आहे. तथापि, नेटिव्ह कोडने पत्ता जपून ठेवून नंतर वापरल्यास नवी व्यवस्थाही त्यास रोखू शकत नाही. म्हणूनच वेगाच्या प्रश्नाइतकाच मालकीचा स्पष्ट करारही महत्त्वाचा ठरतो, असा निष्कर्ष या इतिहासातून निघतो.