एका शेपटाची गोष्ट

परवा नातीचा इंग्रजीचा अभ्यास घेत होतो. वहीत दोन वाक्ये होती, 'आय ॲम स्विमिंग' आणि 'स्विमिंग इज फन'. तिने विचारले, "आबा, स्विमिंग नाउन आहे की व्हर्ब? दोन्हीला आयएनजीच कसं?"

मी थोडा वेळ गप्पच बसलो, कारण हाच प्रश्न मला चाळीसेक वर्षांपूर्वी एकाने विचारला होता.

साल १९८४. आठवीचा वर्ग. माझे स्वतःचे बी.ए. मराठी माध्यमातले, इंग्रजीचे तास गळ्यात पडले होते कारण घ्यायला दुसरे कोणी नव्हते. एक शेतकऱ्याचा मुलगा उठून म्हणाला, "सर, मराठीत 'पोहत' वेगळं, 'पोहणं' वेगळं. इंग्रजीत दोन्हीला एकच शेपूट का?" मला उत्तर येत नव्हते. येत नाही म्हणायची हिंमत नव्हती. "साहेबाला जाऊन विचार," असे म्हणून मी त्याला बाकावर उभे केले. वर्ग खूप हसला. त्या मुलाने वर्षभरात पुन्हा कधी हात वर केला नाही.

निवृत्तीनंतर वाचनालयातून इंग्रजी भाषेच्या इतिहासाची पुस्तके आणू लागलो, तेव्हा कळले की पोराचा प्रश्न अगदी मुळावर बोट ठेवणारा होता.

हजार-अकराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ही शेपटे खरोखरच दोन होती. 'पोहत, लढत' या अर्थी धातूला '-एन्दे' लागे, आणि 'पोहणे, शिकार' असे क्रियेचे नाव करायचे तर '-उंग' किंवा '-इंग'. आपल्या 'पोहत' आणि 'पोहणे'सारखा चोख हिशेब. जर्मनीत राहणाऱ्या आमच्या पुतण्याला हे सांगायला नको. तिथे आजही 'लाउफेंड' म्हणजे धावत, आणि 'यूबुंग' म्हणजे सराव. जर्मनने दोन्ही शेपटे जपली, इंग्रजीने एक गमावले.

राजा आल्फ्रेडच्या काळात, म्हणजे ९ व्या शतकाच्या अखेरीस, लॅटिनमधून भाषांतरित झालेल्या ओरोसियसच्या इतिहासात 'वॅस फेओहतेन्दे' अशी रचना सापडते. म्हणजे 'लढत होता'. आपला चालू भूतकाळच की! पण तेव्हा ती चाल सक्तीची नव्हती. साध्या काळात सांगितले तरी चालत असे.

पुढे १०६६ मध्ये नॉर्मन आले, दरबारी आणि सरकारी लिखाणात फ्रेंच-लॅटिनचा अंमल बसला. शब्दांच्या शेवटचे स्वर बोलण्यात आधीच बोथट होत होते, ते आणखी झिजले. '-एन्दे'चे दक्षिणेत '-इन्दे' झाले, उत्तरेत '-अँड'. '-इन्दे' आणि '-इंग' भराभर बोलून बघा, कानाला फरक किती राहतो? १३ व्या-१४ व्या शतकांत दक्षिणेकडे दोन्ही एकमेकांत मिसळली आणि '-इंग' उरले. स्कॉटलंडात मात्र जुना भेद टिकून होता. १३७५ च्या सुमारास जॉन बार्बर याने लिहिलेल्या 'ब्रूस' या काव्यात 'करत' या अर्थी '-अँड' आहे आणि नामाला '-इंग'. माझा विद्यार्थी तिकडे जन्मता तर त्याला प्रश्नच पडला नसता.

दुसरा एक धागाही यात विणला गेला. 'तो शिकारीवर आहे' अशा अर्थाने इंग्रज 'ऑन हंटिंग' म्हणत. आपण नाही का म्हणत, कामावर आहे, पहाऱ्यावर आहे? 'ऑन'चा घासून 'अ' झाला, 'अ-हंटिंग'. मग तो 'अ'ही गळाला. उरले 'ही इज हंटिंग'. आता यातले 'हंटिंग' मूळचे नाम की धातुसाधित? दोन ओढे एका नदीला मिळाल्यावर पाणी कुठले कोणाचे, कसे सांगणार! वेल्श भाषेतही 'मी जाण्यात आहे' अशीच रचना आहे, त्यामुळे काही अभ्यासक तिचा शेजारधर्म मानतात, काहींना ते पटत नाही.

शेक्सपिअरच्या काळी, १६०० च्या आसपासही या काळाची सक्ती नव्हती. पुस्तक वाचत बसलेल्या हॅम्लेटला पोलोनियस 'काय वाचता' हे साध्या वर्तमानकाळात विचारतो. माझ्या पेपरात कोणी तसे लिहिते तर मी अर्धा गुण कापला असता, आणि कापलेही आहेत.

कर्मणीची कथा तर अलीकडची. 'घर बांधले जात आहे' याला १८ व्या शतकातले शिष्ट इंग्रज 'द हाऊस इज बिल्डिंग' म्हणत. 'इज बीइंग बिल्ट' ही रचना त्या शतकाच्या उत्तरार्धात डोकावू लागली आणि व्याकरणकार खवळले. अमेरिकेत रिचर्ड ग्रँट व्हाइट याने १८७० च्या आपल्या पुस्तकात तिच्याविरुद्ध एक अख्खे प्रकरण लिहिले. मी तीच रचना फळ्यावर लिहून वर्गाकडून दहा-दहा वेळा घोकून घेतली!

आपल्याकडे या आयएनजीचे उलटेच दुखणे. 'आय ॲम नोइंग' हे वाक्य मी किती वह्यांत तांबड्या शाईने खोडले असेल. मुंबईच्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजातले कवी निस्सिम इझिकेल यांनी अशा इंग्रजीवर 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी.एस.' ही कविताच केली. हसू येते, पण मला ती थोडी टोचतेही. मराठी मुलाची चूक बिनडोक नसते हो. 'करीत आहे', 'जात आहे' आणि 'माहीत आहे', तिन्ही कानाला एकाच साच्याची लागतात. पहिल्या दोघांना 'ॲम'सह आयएनजी मिळतो, मग तिसऱ्याने काय पाप केले? बरे, २००३ पासून एक जगप्रसिद्ध बर्गर कंपनी जाहिरातीत 'लव्ह'ला आयएनजी लावते आहे, तिची वही कोण तपासणार?

तो मुलगा आता पंचावन्नच्या आसपास असेल. दहावीनंतर त्याने शाळा सोडली एवढेच मला ठाऊक आहे. उत्तर मिळाले तेव्हा सांगायला तो समोर नव्हता. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल आणि त्याला ओळखत असेल, तर 'दोन शेपटे होती, तुझे बरोबर होते, सर चुकले' एवढा निरोप त्याला द्यावा.

नातीने सगळे शांतपणे ऐकून घेतले. मग पेन्सिल चावत म्हणाली, "ते ठीक आहे आबा, पण दुसऱ्या वाक्यापुढे काय लिहू?"

नाउन लिही म्हटले.