घरात सापडलेलं जुनं पिस्तूल अस्सल आहे का? त्याची किंमत कशी ठरते?

'निजामकालीन अस्सल पिस्तूल, किंमत इनबॉक्समध्ये' अशी पोस्ट दिसली, तर किती विश्वास ठेवायचा? धाराशिव जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे इथल्या कोणत्याही जुन्या हत्याराला 'निजामकालीन' म्हणणं सोपं आहे, ते सिद्ध करणं मात्र अवघड.

अस्सलपणा कसा तपासतात?

- क्रमांक: कारखान्यात बनलेल्या पिस्तुलावर क्रमांक कोरलेला असतो. त्यावरून बनावटीचा काळ कळू शकतो. सुट्या भागांवरही क्रमांक असतील, तर ते जुळायला हवेत.
- शिक्के: नळीची चाचणी झाल्याचे शिक्के देशानुसार वेगळे असतात. बेल्जियममधल्या लिएज शहराच्या शिक्क्यात 'ईएलजी' ही रोमन अक्षरं असतात.
- पृष्ठभाग: जुनं पिस्तूल घासून चकचकीत केलं किंवा नव्याने रंगवलं, तर संग्राहकांच्या लेखी त्याची किंमत घटते.

क्रमांक इतका महत्त्वाचा का?

17 डिसेंबर 1928 रोजी लाहोरमध्ये भगतसिंग आणि राजगुरू यांनी साँडर्सला गोळ्या घातल्या. भगतसिंगांचं पॉइंट 32 बोअरचं कोल्ट पिस्तूल पुढे इंदूरच्या बीएसएफ संग्रहालयात अनेक वर्षं ओळखीविना पडून होतं. त्यावर काळा रंग होता. 2016 मध्ये तो काढल्यावर 168896 हा क्रमांक दिसला आणि खटल्याच्या नोंदीशी जुळला.

उलट उदाहरण नाशिकचं. 1909 मध्ये सावरकरांनी लंडनहून 20 ब्राउनिंग पिस्तुलं पाठवली होती. त्याच वर्षी 21 डिसेंबरला अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंगनेच गोळ्या झाडल्या. पण आज कुणी जुनं ब्राउनिंग दाखवून 'हे त्या वीसातलंच' म्हणालं, तर नुसतं मॉडेल जुळून भागत नाही. क्रमांक आणि कागद दोन्ही हवेत.

किंमत कशावर ठरते?

दुर्मीळपणा, मूळ स्थिती आणि ते कुणाकडून कुणाकडे आलं याचा लेखी पुरावा यावर. जुना परवाना किंवा खरेदीची पावती जपून ठेवा. 'आजोबा सांगायचे' हा पुरावा नाही.

कायदा काय सांगतो?

परवान्याशिवाय पिस्तूल बाळगणं शस्त्र अधिनियम 1959 नुसार गुन्हा आहे. जुनाट, पुरातन किंवा नादुरुस्त बंदुकांना कलम 45 मध्ये सूट आहे, पण दुरुस्ती करूनही त्या चालणार नसतील तरच. वस्तू 100 वर्षांहून जुनी असेल, तर 1972 चा पुरावशेष कायदाही लागू होतो आणि ती परदेशात विकता येत नाही. क्रमांक खोडणं हाही गुन्हाच.

सापडलं तर काय कराल?

चाप ओढून पाहू नका, आत गोळी असू शकते. ठासणीच्या हत्यारात जुनी दारूही असू शकते. पिस्तूल उचलून कुठे नेऊ नका, पोलीस ठाण्याला कळवा. परवाना वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल, तर वारसाने जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा. फोटो सोशल मीडियावर टाकून किंमत विचारणं सगळ्यात धोक्याचं: खरेदीदार मिळो न मिळो, विनापरवाना हत्यार असल्याचा पुरावा मात्र तुम्हीच दिलेला असतो.