सोनामुखी : रेचक म्हणून अल्पकालीन वापर

सोनामुखी हे शिंबावंत कुलातील झुडूप असून त्याची वाळवलेली पाने व शेंगा बद्धकोष्ठतेवर उत्तेजक रेचक म्हणून वापरतात. तमिळनाडूतील तिरुनेलवेली परिसरात तिची लागवड जुनी आहे. पंचसकार चूर्णात हिरडा, सुंठ, बडीशेप आणि सैंधव यांच्या जोडीला हीच पाने असतात. पोट साफ होण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या बाजारातील अनेक चूर्णांतही ती आढळतात. तिच्यातील कार्यकारी द्रव्ये म्हणजे सेनोसाइडे. जठरात व लहान आतड्यात ती जवळजवळ जशीच्या तशी राहतात. मोठ्या आतड्यातील जीवाणू त्यांचे विघटन करतात, तेव्हा कुठे खरे औषध तयार होते. ते आतड्याच्या भिंतीतील मज्जाजालाला चेतवून मल पुढे ढकलणारी आकुंचने वाढवते आणि मलातील पाणी शोषले जाण्याला आळा घालते. या प्रवासाला सहा ते बारा तास लागतात. म्हणून मात्रा रात्री झोपताना घ्यायची असते. तासाभरात परिणाम दिसला नाही म्हणून दुसरी मात्रा घेणाऱ्याला पहाटे मुरडा आणि पातळ जुलाब होण्याचा संभव असतो.

सोनामुखीबद्दलची सर्वांत रुजलेली भीती म्हणजे तिने आतडी लुळी पडतात आणि मग तिच्यावाचून शौचाला होत नाही. या समजुतीचा उगम विसाव्या शतकाच्या मध्यातील रुग्णवृत्तांतांत आहे. त्यांतील रुग्णांनी वर्षानुवर्षे रेचके घेतली होती, अनेकदा जास्त मात्रेत, आणि त्यांतील काही आज वापरातही नाहीत. शिफारस केलेल्या मात्रेत सोनामुखी आतड्याच्या मज्जातंतूंना इजा करते, असा पुरावा त्यानंतर मिळालेला नाही. दीर्घ वापराने मोठ्या आतड्याचे अस्तर तपकिरी दिसू लागते हे खरे; पण तो रंगद्रव्याचा साठा निरुपद्रवी असतो आणि औषध थांबवल्यावर काही महिन्यांत ओसरतो. तेव्हा भीती दाखवून लोकांना या औषधापासून तोडणे योग्य नाही. ज्येष्ठांना कुंथण्याचा त्रास सोसायला लावण्यापेक्षा योग्य मात्रेत दिलेली गोळी कितीतरी बरी.

मग वापर अल्पकाळच का ठेवायचा? पहिले कारण आतड्याच्या भरण्या-रिकामे होण्याच्या चालीत आहे. जोरदार रेचकाने मोठे आतडे बरेचसे रिकामे होते आणि पुन्हा पुरेसे भरायला दोन-तीन दिवस जातात. त्या काळात शौचाला न होणे स्वाभाविक असते. माणूस मात्र बद्धकोष्ठता परतली असे समजून पुन्हा गोळी घेतो. ज्याला लोक सवय म्हणतात ती बरेचदा अशी तयार होते. त्यात रोज सकाळी पोट साफ झालेच पाहिजे, हा आग्रह भर घालतो. वास्तविक दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, इतका फरक निरोगी माणसांत आढळतो. दुसरे कारण अधिक गंभीर आहे : रेचकाने लक्षण दबते, कारण दबत नाही. थायरॉइडची कमतरता, लोहाच्या किंवा वेदनाशामक अफूजन्य गोळ्या, क्वचित मोठ्या आतड्याचा कर्करोग यांपैकी काहीही मागे असू शकते. एक आठवडा गोळी घेऊनही गरज उरली, तर ती तपासणीची वेळ समजावी. मलात रक्त, वजन घटणे किंवा पन्नाशीनंतर शौचाच्या सवयीत झालेला नवा बदल असेल, तर आठवडाभरही थांबू नये.

वनस्पतीजन्य औषध कितीही दिवस घेतले तरी चालते, हा युक्तिवाद टिकत नाही. सेनोसाइडे पानातून आली काय नि गोळीतून आली काय, आतड्यावर त्यांची क्रिया तीच. उलट गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात. चमचाभर चूर्णात किंवा उकळलेल्या पानांच्या काढ्यात किती सेनोसाइडे उतरली हे सांगता येत नाही. प्रौढांची नेहमीची मात्रा रात्री १५ ते ३० मिलिग्रॅम असून सुरुवात कमी मात्रेने करावी. मऊ शौच होण्याइतकी मात्रा पुरेशी असते, पाण्यासारखे जुलाब होणे हे यशाचे लक्षण नव्हे. लघवी पिवळी-तपकिरी किंवा तांबूस झाल्यास घाबरू नये, तो औषधाचाच रंग असतो.

पोटात कारण न कळलेल्या तीव्र वेदना, उलट्या, आतड्यात अडथळा, अपेंडिक्सला सूज किंवा आतड्याचा दाहजन्य विकार असताना सोनामुखी घेऊ नये. सतत जुलाब झाल्यास शरीरातील पोटॅशियम घटते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, डिगॉक्सिन किंवा ज्येष्ठमध घेणाऱ्यांना त्यामुळे हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका संभवतो. लहान मुलांना आणि गर्भवतींना ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. अफूजन्य वेदनाशामके चालू असलेल्या रुग्णांची गोष्ट वेगळी आहे. या औषधांनी आतड्याची हालचालच मंदावते, केवळ ईसबगोलने भागत नाही. तिथे डॉक्टर वेदनाशामकासोबतच सोनामुखीसारखे उत्तेजक रेचक सुरू करतात आणि वेदनाशामक चालू असेपर्यंत, आठवड्याची मर्यादा ओलांडूनही, ते देखरेखीखाली चालू ठेवतात.