सोमनाथची छावणी आणि आपण

संपादक मंडळाने ‘आपल्या भागाचा इतिहास’ या सदरात लिहायला सांगितले. गोंड राजे, परकोट आणि महाकालीचे देऊळ यांवर आपल्यापैकी जाणकार लिहितीलच. मी लिहितो तो इतिहास आपल्या डोळ्यांसमोर घडला आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत राबायला आलेल्या विद्यार्थ्यांचा हा इतिहास आहे.

आपण भूगोलात शिकलो तेव्हा जिल्हा एकच होता, वरोऱ्यापासून थेट सिरोंच्यापर्यंत. 26 ऑगस्ट 1982 रोजी गडचिरोली वेगळा झाला. वरोऱ्याजवळ बाबा आमट्यांनी सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू केले, ही गोष्ट आपण सर्वांनीच ऐकली आहे. सुरुवातीच्या काळात जवळपासचे लोक तिकडे फिरकत नसत. तिथली भाजी घ्यायलाही लोक कचरत. पन्नाशीच्या दशकात ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे देशोदेशींचे तरुण तिथे येऊन राहिले आणि त्यांनी रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून इमारती बांधल्या. पहिल्या महायुद्धानंतर उद्ध्वस्त गावे पुन्हा उभारण्यासाठी युरोपात ही संघटना निघाली होती. परदेशी पोरे न भिता तिथे राहतात, जेवतात, हे पाहून आपल्या लोकांची भीड हळूहळू चेपली. पुढे याच रुग्णांच्या श्रमातून आनंदवनात निरोगी मुलांसाठी महाविद्यालय उभे राहिले.

मूल तालुक्यातल्या सोमनाथला साठच्या दशकाच्या अखेरीस शेतीचा प्रकल्प सुरू झाला आणि तिथे दर मे महिन्यात विद्यार्थ्यांची श्रमसंस्कार छावणी भरू लागली. पुण्या-मुंबईची मुले चंद्रपूरच्या उन्हात कुदळ-फावडे घेत. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्याने, रात्री गाणी. पुढे पूर्ण वेळ कार्यकर्ते झालेले कितीतरी जण या छावणीतून गेले. 1973 च्या डिसेंबरात भामरागडच्या जंगलात, हेमलकशाला, माडिया गोंडांसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथे राहायला गेले.

मी कॉलेजात असताना एका मे महिन्यात सोमनाथला गेलो. घरी विरोध होता. आईने डबाभर चिवडा दिला आणि ‘तिथलं काही खाऊ नकोस’ म्हणून बजावले. पहिल्या रात्री वाढणाऱ्याच्या हाताची बोटे झडलेली पाहिली आणि पोट बरे नाही असे सांगून मी उठलो. अंधारात चिवडा खाल्ला. दुसऱ्या दिवशी बांधाच्या कामावर तोच माणूस माझ्या शेजारी दगड उचलत होता. दहा वाजेपर्यंत माझ्या तळहातांना फोड आले. त्याने स्वतःच्या पंचाचा तुकडा फाडून दिला आणि म्हणाला, ‘दादा, सावलीत बसा जरा.’ दुपारी मी त्याच्या पंगतीत जेवलो.

आपण मदत करायला गेलो होतो, ही समजूत तिथेच संपली. पुढच्या काळातही हेच दिसते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावात देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी अभ्यासगट चालवले. बाहेरचे लोक तिथे यायचे ते गावाबरोबर बसून शिकायला, निर्णय मात्र ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीने. 2009 साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत ‘सर्च’ सुरू केली. दवाखाना कसा हवा हे त्यांनी आदिवासींनाच विचारले आणि शोधग्राम त्यांच्या गावासारखे बांधले. नवजात बाळांना वाचवण्याचे काम त्यांनी खेड्यातल्या बायांना शिकवले, आणि त्या ‘आरोग्यदूत’ झाल्या. 2006 पासून ‘निर्माण’ची शिबिरे भरतात, तिथे येणाऱ्या तरुणांपुढेही प्रश्न असतो तो स्वतःच्या आयुष्याचे काय करायचे हाच.

मित्रमैत्रिणींनो, आता मूळ गोष्ट. आठवीत आपल्या वर्गात शेवटच्या बाकावर एक मुलगा एकटाच बसायचा. त्याच्या वडिलांना ‘तो रोग’ आहे अशी कुजबुज होती. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. आपण कोणी त्याच्या घरी गेलो नाही, मीही नाही. सोमनाथच्या पंगतीत मला पहिल्यांदा तोच आठवला. आपले शाळेपासूनचे घर आणि त्याचे घर यांत फार तर दहा मिनिटांचे अंतर होते. पुण्याची मुले मात्र रात्रभर रेल्वेत बसून आली होती.

या स्मरणिकेच्या शेवटी पत्त्यांची यादी आहे. तीत त्याचे नाव नाही, कारण तो आपल्याबरोबर मॅट्रिक झाला नाही. कोणाला त्याचा ठावठिकाणा माहीत असेल तर संमेलनात मला जरूर सांगा. पुढच्या वेळी निमंत्रण घेऊन मी स्वतः जाईन.