गॅरेजच्या पडद्यामागची माणसं: रेसिंग सिम्युलेटरमधल्या सस्पेन्शनची गोष्ट

इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले, तह, लढाया आठवतात. आज मी एका पडद्याचा इतिहास सांगणार आहे. तुमच्यापैकी जे आयरेसिंग, असेटो कोर्सा किंवा तसलं काही खेळतात, त्यांनी तो पडदा नक्की पाहिलाय. शर्यतीआधी गॅरेजमध्ये गेलं की समोर आकड्यांची जंत्री येते. पुढची स्प्रिंग, मागची स्प्रिंग, डॅम्पर, अँटी-रोल बार, कॅम्बर, राइड हाइट. बहुतेक जण ते बघून पडदा बंद करतात. जरा हुशार असतात ते कुणा वेगवान खेळाडूचा तयार सेटअप डाउनलोड करतात आणि ट्रॅकवर उतरतात.

त्यात गैर काही नाही. पण त्या पडद्यावरचा एकेक आकडा म्हणजे कुणीतरी वर्षानुवर्षं मोजून काढलेलं उत्तर आहे. आणि सिम्युलेटरला तेवढंच कळतं, जेवढं कुणीतरी आधी मोजून त्यात घातलंय. ही गोष्ट किती महागात पडू शकते, ते आपण २०२२ सालात पोचल्यावर बघू. त्याआधी साधारण नव्वद वर्षं मागे जाऊया.

गाडीला टांगलेली वजनं

मॉरिस ऑली हा इंग्लिश इंजिनिअर. रोल्स-रॉइसमध्ये काम केलेला, नंतर अमेरिकेत स्थिरावलेला. १९३० च्या सुमारास तो जनरल मोटर्सच्या कॅडिलॅक विभागात आला. तेव्हाच्या गाड्यांमध्ये मागच्या सीटवर बसणं म्हणजे शिक्षाच असायची. पुढच्या स्प्रिंग कडक ठेवायची पद्धत होती, आणि खड्डा आला की गाडी होडीसारखी पुढेमागे डुलायची.

ऑलीने काय केलं, तर एका मोठ्या कॅडिलॅकला पुढेमागे सरकवता येतील, काढता-घालता येतील अशी वजनं बसवली. वजनं बदलायची, स्प्रिंग बदलायच्या आणि माणसांना बसवून गाडी रस्त्यावर न्यायची. गाडीतला 'आराम' मोजणारं यंत्र तेव्हा नव्हतं, माणसाची पाठ हेच यंत्र! या प्रयोगांतून कळलं, की पुढच्या स्प्रिंग मागच्यांपेक्षा मऊ असतील तर डुलणं कमी होतं. कारण सोपं आहे. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो, मग मागच्या. मागची बाजू थोडी जलद हलणारी असेल, तर ती उशिरा सुरुवात करूनही पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी सपाट वरखाली होते.

पण पुढच्या स्प्रिंग मऊ केल्या की जुन्या सरळसोट अ‍ॅक्सलवरची चाकं थरथरायला लागायची. म्हणून दोन्ही पुढची चाकं स्वतंत्र करावी लागली, आणि १९३४ च्या जनरल मोटर्सच्या गाड्यांमध्ये तसं सस्पेन्शन आलं. एक गोष्ट सुधारली की दुसरी बिघडते, मग तिसरी बदलावी लागते. सेटअपचा हा स्वभाव तेव्हापासूनचा आहे. 'अंडरस्टिअर' आणि 'ओव्हरस्टिअर' हे शब्द रूढ करण्याचं श्रेयही सहसा ऑलीलाच देतात. गाडी नाक बाहेर काढून सरळ जाऊ बघते ते अंडरस्टिअर. शेपटी फेकते ते ओव्हरस्टिअर.

विमानवाला माणूस

पुढचा माणूस विल्यम मिलिकन. हा विमानांच्या उड्डाण-चाचण्यांमधून आलेला, आणि शर्यतींचं वेड असलेला. १९४८ मध्ये अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला पहिली ग्राँ प्री झाली, तिथे एका वळणावर याची बुगाटी उलटली. ते वळण आजही 'मिलिकन्स कॉर्नर' म्हणून ओळखलं जातं.

मिलिकनच्या मनात एक प्रश्न होता. विमान वाऱ्यात कसं वागेल हे आपण कागदावर गणिताने सांगू शकतो, मग गाडीचं का नाही सांगता येत? बफेलोच्या कॉर्नेल एरॉनॉटिकल लॅबोरेटरीत त्याने आणि सहकाऱ्यांनी १९५० च्या दशकात जनरल मोटर्सच्या पैशावर हेच काम केलं. टायर रस्त्यावर थोडा तिरका चालवला तर तो बाजूला किती जोर लावतो, हे मोजलं. त्यावरून समीकरणं बांधली आणि १९५६ मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ मेकॅनिकल इंजिनिअर्समध्ये ते निबंध मांडले. आजच्या सिम्युलेटरची मुळं शोधत गेलात तर तुम्ही या खोलीत येऊन पोचता. या मिलिकनने मुलगा डग्लस याच्याबरोबर १९९५ मध्ये लिहिलेला रेसिंग कारच्या गतिशास्त्रावरचा जाडजूड ग्रंथ आजही या क्षेत्रात प्रमाण मानतात. गृहस्थ १०१ वर्षं जगले.

टायरच्या या मोजमापातून निघालेली एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कारण अर्धा सेटअप तिच्यावर चालतो. टायरवरचं वजन दुप्पट केलं म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. एका हमालाच्या पाठीवर दोघांची पोती लादली तर तो दोघांचं काम करत नाही, तसंच. वळणावर गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं. ही एकूण बदली अँटी-रोल बारने थांबत नाही. बार फक्त ठरवतो, की त्या बदलीतला किती वाटा पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या. पुढचा बार कडक केला की पुढच्या बाहेरच्या टायरवर जास्त ओझं पडतं, पुढची जोडी मिळून पकड थोडी गमावते आणि अंडरस्टिअर वाढतो. 'गाडी वळत नाहीये, मग पुढचा बार मऊ कर' हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. त्याचं मूळ हे आहे.

हे ज्ञान ट्रॅकवर कसं गेलं? त्यात मार्क डोनाह्यूचं नाव घ्यावं लागेल. हा इंजिनिअरिंग शिकलेला ड्रायव्हर, १९७२ ची इंडियानापोलिस ५०० रॉजर पेन्स्कीच्या टीमसाठी जिंकलेला. तो गाडी स्किडपॅडवर, म्हणजे आखलेल्या वर्तुळात, गोल गोल पळवायचा, वेळ घ्यायचा, एक बदल करायचा, पुन्हा पळवायचा. आपल्याकडे कोइंबतूरला फॉर्म्युला भारत स्पर्धा होते. पुण्या-मुंबईच्या इंजिनिअरिंग कॉलेजांची पोरं तिथे स्वतः बांधलेली गाडी घेऊन जातात, आणि त्यांनाही स्किडपॅडची परीक्षा द्यावी लागते. त्यांना विचारा, त्या वर्तुळात गाडीचं खरं-खोटं कसं बाहेर येतं ते.

कॉम्प्युटरमध्ये गाडी शिरते

१९८४ मध्ये जेफ क्रॅमंड या ब्रिटिश प्रोग्रॅमरने बीबीसी मायक्रो या छोट्या कॉम्प्युटरसाठी 'रेव्ह्ज' नावाचा खेळ लिहिला. त्यात सिल्व्हरस्टोनवर फॉर्म्युला थ्री गाडी पळवायची आणि पुढच्या-मागच्या विंगचा कोन स्वतः ठरवायचा. गेम तुम्हाला ड्रायव्हरबरोबर मेकॅनिकही बनवायला लागला होता.

मग १९८९ मध्ये अमेरिकेतल्या पपायरस कंपनीचा 'इंडियानापोलिस ५००: द सिम्युलेशन' आला. डेव्हिड केमर आणि ओमर खुदारी यांची ही कंपनी. आता गॅरेजमध्ये शॉकअप, अँटी-रोल बार, कॅम्बर आणि स्टॅगरसुद्धा आले. स्टॅगर म्हणजे काय? स्टीलचा पेला फरशीवर आडवा लोटून द्या. एक तोंड मोठं, एक लहान, म्हणून तो सरळ न जाता गोल फिरतो. इंडियानापोलिसला सगळी वळणं डावीकडेच. म्हणून मागचा उजवा टायर डाव्यापेक्षा किंचित मोठा लावतात, की गाडी आपणहून डावीकडे वळते. हे घरबसल्या करून बघायची सोय त्या खेळाने पोरांना दिली.

१९९८ मध्ये पपायरसचाच 'ग्राँ प्री लेजंड्स' आला. त्यात १९६७ सालच्या गाड्या होत्या. विंग नाहीत, टायर अरुंद, आणि ताकद भरपूर. तो इतका अवघड होता की विक्री फारशी झाली नाही. पण ज्यांना त्याची चटक लागली ते वर्षानुवर्षं सेटअपवर वाद घालत बसले. विंगच नसल्यामुळे हवेच्या जोरावर चूक झाकता येत नव्हती. स्प्रिंग, बार, शॉकअप आणि तुमचा उजवा पाय, एवढंच भांडवल. पुढे याच केमरने २००४ मध्ये आयरेसिंग कंपनी उभी केली आणि २००८ मध्ये ती सेवा लोकांसाठी सुरू झाली.

इथे एक गंमत सांगतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचे प्राध्यापक हान्स पाचेइका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये टायरच्या पकडीचं एक सूत्र प्रसिद्ध केलं. लोक त्याला 'मॅजिक फॉर्म्युला' म्हणतात. त्यात बारावीच्या त्रिकोणमितीतले साइन आणि आर्कटॅन आहेत, बाकी सगळे गुणांक. अनेक खेळांनी हे सूत्र किंवा त्याची भावंडं वापरली. त्याला मॅजिक का म्हणतात? कारण टायर असा का वागतो ते हे सूत्र सांगत नाही. खऱ्या टायरवर मोजलेल्या आकड्यांवर ते चपखल बसतं, एवढंच. मोजमाप चांगलं तर सूत्र चांगलं. जिथे कुणी मोजलंच नाही, तिथे ते अंदाज करतं, आणि अगदी आत्मविश्वासाने करतं.

आता २०२२

१९७८ मध्ये मारिओ आंद्रेत्ती लोटस ७९ घेऊन फॉर्म्युला वनचा विश्वविजेता झाला. त्या गाडीचा तळ असा घडवलेला होता की खालून जाणारी हवाच गाडीला जमिनीकडे खेचायची. पुढच्या वर्षी लोटस ८० ने तेच आणखी जोरात करायचा प्रयत्न केला आणि गाडी सरळ रस्त्यावर उड्या मारायला लागली. तळ जमिनीच्या जवळ आला की खेच वाढते, फारच जवळ आला की हवेची वाट कोंडते, खेच सुटते, गाडी वर येते, आणि पुन्हा तेच. याला पॉर्पॉइझिंग म्हणतात. १९८३ पासून सपाट तळ सक्तीचा झाला आणि हा विषय फॉर्म्युला वनमधून जवळजवळ नाहीसा झाला.

२०२२ च्या नियमांनी तो तळ परत आणला. आता प्रत्येक टीमकडे अफाट कॉम्प्युटर होते आणि कोट्यवधींचे सिम्युलेटर होते. तरीही फेब्रुवारीत बार्सिलोनाला गाड्या पहिल्यांदा एकत्र धावल्या तेव्हा त्या उड्या मारत होत्या! असं का व्हावं? विंड टनेलमध्ये नियमाप्रमाणे जास्तीत जास्त ६० टक्के आकाराचं मॉडेल चालतं, तेही सेकंदाला ५० मीटरच्या आतल्या वाऱ्यात. मॉडेल दांड्याला धरलेलं असतं. खरा टायर दबतो, खरी गाडी वेगात वरखाली होते, ते त्यात पुरतं येत नाही.

२०१४ पासून सलग आठ वर्षं संघांचं विजेतेपद घेणारी मर्सिडीज त्या वर्षी एकच शर्यत जिंकली, ब्राझीलला, जॉर्ज रसेलच्या हातून. उपाय दोन होते. गाडी उंच करा, म्हणजे पकड जाते. नाहीतर सस्पेन्शन दगडासारखं करा, मग मार ड्रायव्हरच्या मणक्याला. जूनमध्ये बाकूची शर्यत संपल्यावर लुइस हॅमिल्टन पाठ धरून गाडीतून बाहेर आला, ते दृश्य जगाने पाहिलं. शेवटी एफआयएने उड्यांवर मोजता येणारी मर्यादा घातली. म्हणजे नव्वद वर्षांनी पुन्हा माणसाची पाठच यंत्र झाली होती.

मला विचाराल तर सिम्युलेटर खोटा असतो असं यातून सिद्ध होत नाही. तो प्रामाणिक विद्यार्थी आहे. शिकवलं तेवढं सांगतो, न शिकवलेलं बेधडक ठोकून देतो. त्याला प्रश्न विचारणारा माणूस जागा असावा लागतो.

आणि तयार सेटअपबद्दल माझी तक्रार इथेच आहे. त्यात उत्तर मिळतं, पण प्रश्न कोणता होता ते कळत नाही. तो सेटअप त्या खेळाडूच्या हाताला, त्याच्या ब्रेक लावायच्या सवयीला बेतलेला असतो. तुमचा हात वेगळा असतो. तर या शनिवारी एक करून बघा. गेमचा मूळ सेटअप घ्या, पाच लॅप मारा. मग फक्त पुढचा अँटी-रोल बार एक घर मऊ करा, बाकी कशाला हात लावू नका, पुन्हा पाच लॅप. वळणाच्या सुरुवातीला काय झालं, मध्यात काय झालं, बाहेर पडताना काय झालं, ते वहीत लिहा. ऑलीने वजनं टांगून हेच केलं, डोनाह्यूने वर्तुळात हेच केलं.

काय सापडलं ते मला कळवा. पुढच्या भागात आपण टायरकडे वळू, रबराच्या झाडापासून सुरुवात करून. तोवर सांभाळून चालवा, विशेषतः खऱ्या रस्त्यावर. भेटूया!