पुलोद सरकार (१९७८–८०)

पुरोगामी लोकशाही दल, अर्थात ‘पुलोद’ या आघाडीचे महाराष्ट्रातील सरकार. १८ जुलै १९७८ रोजी शपथविधी, १७ फेब्रुवारी १९८० रोजी बरखास्ती. मुख्यमंत्री शरद पवार यांनी तेव्हा वयाची अडतिशीही गाठली नव्हती.

राज्यातले हे पहिले आघाडी सरकार मात्र नव्हे. १९७८च्या विधानसभेत २८८ पैकी ९९ जागा जिंकून जनता पक्ष पहिला आला, पण त्याला बाहेर ठेवण्यासाठी रेड्डी काँग्रेस (६९) आणि इंदिरा काँग्रेस (६२) ही दुभंगलेली भावंडे एकत्र आली. वसंतदादा पाटील मुख्यमंत्री, इंदिरा गटाचे नासिकराव तिरपुडे उपमुख्यमंत्री. तिरपुडे रेड्डी काँग्रेसचे नेते यशवंतराव चव्हाण यांच्यावर उघड तोंडसुख घेत आणि दादांच्या गोटात धुसफूस वाढत जाई. जुलैमध्ये अधिवेशन चालू असतानाच उद्योगमंत्री पवार आपल्या समर्थक आमदारांसह बाहेर पडले आणि सरकार कोसळले. ‘पाठीत खंजीर’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून पवारांना जो चिकटला, तो आजही प्रचारसभांत ऐकू येतो.

नव्या मंत्रिमंडळात जनसंघातून आलेले उत्तमराव पाटील आणि शेकापचे एन. डी. पाटील एकत्र बसले. सुंदरराव सोळंके उपमुख्यमंत्री झाले. अशी मोट किती टिकणार, ही शंका रास्तच होती. पण जुलै १९७९ मध्ये दिल्लीत मोरारजी देसाईंचे सरकार गेले, चव्हाण चरणसिंगांचे उपपंतप्रधान झाले, पूर्वाश्रमीचे जनसंघीय विरोधी बाकांवर गेले. मुंबईत मात्र याच दोन गटांचे मंत्री एकाच मंत्रिमंडळात काम करीत राहिले.

पुलोदची खरी कसोटी लागली ती नामांतराच्या प्रश्नावर. मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव शपथविधीनंतर अवघ्या नऊ दिवसांत, २७ जुलै १९७८ रोजी, दोन्ही सभागृहांनी संमत केला. विधिमंडळात एकमत, गावोगावी आगडोंब! मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या, माणसे मारली गेली. सरकारने अंमलबजावणी लांबणीवर टाकली. समाजाची पूर्वतयारी न करता ठराव आणणे ही एक चूक. पण हिंसेपुढे नमते घेणे ही त्याहून मोठी. ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, तेव्हाही मुख्यमंत्री पवारच होते, पण काँग्रेसचे.

रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. कायद्याची आखणी आधीच्या राजवटीतली, अंमल पुलोदच्या काळातला.

हे सरकार सभागृहात हरले नाही. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी सत्तेवर परतल्या आणि सुमारे महिनाभराने त्यांनी नऊ राज्यांच्या विधानसभा विसर्जित केल्या. १९७७ मध्ये जनता सरकारनेही नऊ काँग्रेसशासित राज्यांत हेच केले होते. महाराष्ट्रात प्रथमच राष्ट्रपती राजवट आली. जूनमध्ये अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले. पुलोदच्या नावाने विरोधकांनी पुढेही निवडणुका लढवल्या. १९८६ मध्ये औरंगाबादेत राजीव गांधींच्या उपस्थितीत पवार काँग्रेसमध्ये परतले.